‘कॅन’चा भूतकाळ : एका तक्त्याविरुद्ध

कॅन – कुड. मे – माइट. शॅल – शुड. विल – वुड. दोन रकाने, चार ओळी. डावीकडे वर्तमानकाळ, उजवीकडे भूतकाळ. ‘मस्ट’समोर कधी नुसती रेघ, कधी ‘हॅड टु’. हा तक्ता शाळेच्या मार्गदर्शकांत असतो, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असतो, शिकवणीच्या फळ्यावर असतो आणि पदवीच्या वर्गात साहित्य शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यातही पक्का बसलेला असतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत इंग्रजी व मराठी शिकवणारे आम्ही काही जण या तक्त्याविरुद्ध हे टिपण लिहीत आहोत. तक्ता अपुरा आहे किंवा केवळ प्राथमिक आहे, अशी आमची तक्रार नाही. तो चुकीचा आहे. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मराठी बोलणाऱ्या मुलाला जे भेद घरूनच अवगत असतात, ते हा तक्ता त्याच्याकडून काढून घेतो.

शकणे, लागणे, हवे असणे, असावे, असेल – क्रिया घडली की नाही याऐवजी ती घडणे शक्य आहे, आवश्यक आहे, उचित आहे किंवा संभवनीय आहे, हे सांगणारी ही क्रियापदे. इंग्रजी व्याकरणात त्यांना ‘मोडल’ म्हणतात. त्यांचा वर्तमानकाळ कोणालाही जमतो. खरी परीक्षा भूतकाळात होते. कारण क्रिया भूतकाळात नेली की एक प्रश्न टाळता येत नाही : ती घडली का? ‘जायला हवे’ म्हणताना हा प्रश्न उद्भवत नाही. जाणे अजून पुढे आहे. ‘जायला हवे होते’ म्हणताच तो उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा ‘गेला नाही’ असे असते. याउलट ‘जावे लागले’ म्हटले की तो गेला. वर्तमानात ज्या दोन वाक्यांत फारसे अंतर दिसत नव्हते, ती भूतकाळात एकमेकांच्या विरुद्ध टोकांना जातात. तक्त्याचे पाप हे की, जिथे अर्थ फुटतो नेमक्या त्याच ठिकाणी तो ‘याचे ते होते’ असे म्हणून मोकळा होतो.

रूप आणि काळ

क्रियापदाचे भूतकाळी रूप म्हणजे भूतकाळ नव्हे, हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. एसटी स्टँडवर फोन कानाला लावून ‘आलो, आलो’ म्हणणारा गृहस्थ अजून आलेला नसतो. पुष्कळदा तो निघालेलाही नसतो. ‘पाऊस आला तर पेरणी करू’ या वाक्यातला ‘आला’ पुढच्या आठवड्यातला आहे. रूप भूतकाळाचे, काळ भविष्याचा. इंग्रजीतही हेच घडते. ‘कुड’ हे रूप उद्याच्या पावसाबद्दल वापरता येते, समोरच्याला सल्ला देताना वापरता येते, पाणी मागताना सभ्यतेने वापरता येते. यांपैकी एकाही ठिकाणी भूतकाळाचा संबंध नाही. इंग्रजी माणूस विनंती करताना क्रियापद मागे सरकवतो, आपण ते पुढे सरकवतो : ‘जरा पाणी द्याल का?’ दोन्हींचा हेतू एकच, समोरच्याला नकार द्यायला जागा ठेवणे. ‘द्याल’ला कोणी भविष्यकाळाची चौकशी समजत नाही. मग ‘कुड’ला भूतकाळ का समजावे?

खुद्द इंग्रजीचा इतिहासही तक्त्याच्या बाजूचा नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही मुळात जुनी भूतकाळी रूपे. फार पूर्वी त्यांना वर्तमानाचा अर्थ चिकटला, म्हणून त्यांच्यासाठी भूतकाळाची नवी रूपे घडवावी लागली. ती ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’. पुढे याही रूपांपैकी काहींनी तीच वाट धरली. ‘शुड’ आज कर्तव्य सांगते, ‘माइट’ अंधूक शक्यता सांगते, आणि दोन्ही वर्तमानाविषयी बोलतात. ‘मस्ट’ तर स्वतःच एका लुप्त क्रियापदाचा भूतकाळ. म्हणून त्याला आणखी भूतकाळ नाही. आमच्या ‘पाहिजे’ची गोष्ट याच जातीची आहे. ‘कीजे’, ‘दीजे’ यांच्या कुळातले हे जुने कर्मणी रूप. ‘पाहिले जाते, शोधले जाते’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. कूळ संपले, हे एकटे उरले आणि आवश्यकतेचे चिन्ह होऊन बसले. त्यालाही स्वतःचा भूतकाळ नाही; ‘होते’ची काठी घ्यावी लागते. कृष्णाकाठच्या बोलीत ‘पायजेल’ ऐकू येते, तिथेही भूतकाळासाठी ‘हुतं’ला हाक मारावीच लागते. दोन दूरच्या भाषांतली दोन अवशेषरूपे एकाच अडचणीत सापडतात, हे वर्गात सांगितले तर कोणता विद्यार्थी कान टवकारणार नाही? पण तक्त्यात ‘मस्ट’समोर रेघ आहे.

अजिंक्यतारा चढता येणे

आता ओळीओळीने पाहू. ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’. एखादा म्हातारा तरुणपणाविषयी बोलतो आहे : ‘तेव्हा मी कृष्णा पोहून पार करू शकत असे.’ इथे ‘कुड’ चालते. आता दुसरे वाक्य : ‘परवा पाणी वाढले होते, तरी तो कृष्णा पोहून पार करू शकला.’ इथे ‘कुड’ चालत नाही. इंग्रजीला ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ म्हणावे लागते. कारण पहिल्या वाक्यात अंगची क्षमता आहे, दुसऱ्यात एकदा घडलेली कृती आहे. ‘शकत असे, पण कधी केली नाही’ असे म्हणता येते. ‘शकला, पण केली नाही’ असे म्हणून पाहावे. वाक्य स्वतःलाच खाते. ‘शकला’ म्हणजे केली.

भाषाविज्ञानात या गोष्टीची पुष्कळ चर्चा झाली आहे. राजेश भट्ट यांनी १९९९ च्या आपल्या प्रबंधात हिंदीतील ‘सकना’ आणि ग्रीकमधील तशाच क्रियापदाच्या आधारे दाखवले की, क्षमतेचे क्रियापद पूर्ण क्रियेच्या रूपात आले की कृती प्रत्यक्ष घडल्याचा अर्थ त्यातून निघतो. अपूर्ण रूपात आले की निघत नाही. मराठीतील ‘शकला’ आणि ‘शकत असे’ हा तोच भेद. इंग्रजी ‘कुड’ला ही दोन रूपे नाहीत. म्हणजे इथे गरीब भाषा कोणती आणि श्रीमंत कोणती? आमच्या विद्यार्थ्याकडे दोन नाणी आहेत. तक्ता त्याला सांगतो, दोन्ही वितळवून एक कर.

नकारात तर ही संपत्ती आणखी खुलते. ‘त्याला अजिंक्यतारा चढता येत नव्हता’ : ते त्याच्या आवाक्यात नव्हते. ‘चढता येईना’ : तो प्रयत्न करत होता आणि जमत नव्हते. ‘चढवेना’ : मन होते, पायांनी साथ सोडली. ‘चढू दिले नाही’ : पाय होते, परवानगी नव्हती. चारही ठिकाणी इंग्रजीत ‘कुडन्ट’ बसू शकते. ‘चढवेना’ हे शक्य क्रियापद. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत त्याची व्याख्या चालत आली आहे, आमच्याकडच्या कोणत्याही घरात ‘आता चालवंना बाई’ हे वाक्य रोज उच्चारले जाते. मात्र मराठीच्या तासाला शक्य क्रियापद ही एका गुणाची व्याख्या असते आणि इंग्रजीच्या तासाला ‘कुडन्ट’ हा ‘कान्ट’चा भूतकाळ असतो. एका इंग्रजी कथेतली म्हातारी जिना चढू शकली नाही. तिला जिना चढवेना, की तिला वर जाऊ दिले नाही? कथेचा सगळा भार या प्रश्नावर असू शकतो. प्रश्न विचारण्याचे साधन मुलाच्या तोंडात आहे. आम्ही ते त्याला वापरू देत नाही.

पुराची भाषा

‘मस्ट’ आणि ‘शुड’ या ओळींवर आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत, कारण इथे चूक केवळ व्याकरणाची राहत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगली शहरासह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. नंतर धरणांच्या पाण्याविषयी जोराचा वाद झाला. कोयनेतून केव्हा आणि किती सोडले, अलमट्टीतून केव्हा आणि किती सोडले, याची चर्चा चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत चालली. राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली आणि २०२० मध्ये तिचा अहवाल आला. त्या वादात कोणाचे बरोबर होते हा आमचा विषय नाही. तो वाद ज्या क्रियारूपांत झाला ती पाहा.

‘पाणी आधी सोडता आले असते.’ शक्य होते, सोडले नाही. ‘पाणी आधी सोडायला हवे होते.’ कर्तव्य होते, सोडले नाही. बोलणारा दोष देतो आहे. ‘पाणी आधी सोडावे लागले.’ सोडले, बोलणारा नाइलाज सांगतो आहे. ‘पाणी आधी सोडले असावे.’ सोडल्याचे पाहिलेले नाही; बोलणारा खुणांवरून अनुमान करतो आहे. ‘पाणी आधी सोडू शकले.’ सोडले, बोलणारा श्रेय देतो आहे. आणि नकारातले एक : ‘एवढे पाणी सोडायला नको होते.’ सोडले आणि चुकले. पाणी तेच, धरण तेच, ‘सोडणे’ हे क्रियापद तेच. पण या सहा वाक्यांतून सहा वेगळे जबाब तयार होतात. घरात गाळ शिरलेल्या माणसाने ही सहा वाक्ये एकमेकांत मिसळल्याचे आम्ही ऐकलेले नाही. शिकलेला असो वा नसो, आरोप, सबब, अनुमान आणि श्रेय यांची सीमारेषा त्याला अचूक माहीत असते.

हीच वाक्ये इंग्रजीत अनुक्रमे ‘कुड हॅव’, ‘शुड हॅव’, ‘हॅड टु’, ‘मस्ट हॅव’, ‘वेअर एबल टु’ आणि ‘शुड नॉट हॅव’ या रूपांनी येतील. तक्त्यात यांपैकी ‘हॅड टु’ तेवढे कधीमधी सापडते. परिणाम असा की, ‘मस्ट हॅव गॉन’ या रूपाचे भाषांतर ‘जावेच लागले’ असे होते. मूळ वाक्यात तो गेला असल्याचे कोणाचे तरी अनुमान आहे. भाषांतरात तो नक्की गेला आहे आणि शिवाय त्याच्यावर सक्ती झाली आहे. ‘नीडन्ट हॅव गॉन’ म्हणजे जाण्याची गरज नसताना तो गेला. ‘डिडन्ट नीड टु गो’ म्हणजे जाण्याची गरज पडली नाही, आणि बहुधा तो गेलाही नाही. मराठीत ‘उगीच गेला, जायला नको होते’ आणि ‘जावे लागले नाही’ यांत कोणाचा गोंधळ होत नाही. उत्तरपत्रिकेत मात्र दोन्हींचे एकच भाषांतर होते. ही शब्दसंग्रहाची उणीव नाही. काय घडले आणि काय घडले नाही, यातली ही गफलत आहे. अशी गफलत करायला शिकलेला पदवीधर उद्या पंचनामा लिहील, बातमी लिहील, अहवालाचे भाषांतर करील. तेव्हा ‘सोडायला हवे होते’चे ‘सोडावे लागले’ झाले तर आरोपाची सबब होईल.

नदीवर जाई

‘विल’चा भूतकाळ ‘वुड’, ही तिसरी ओळ. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत ‘वुड’चे एक मोठे काम असते : गतकाळातली सवय सांगणे. आजोबा रोज पहाटे नदीवर जात, तिथेच बसून राहत, सूर्य वर आला की परतत. अशा सगळ्या आठवणींचे क्रियापद ‘वुड’. मराठीकडे यासाठी रीतिभूतकाळाचे खास रूप आहे : जाई, बसे, येई. बोलण्यातून ते ओसरले आहे, पण मराठी कथात्म गद्याची लय अजून त्यावर चालते. ‘तो नदीवर गेला’ आणि ‘तो नदीवर जाई’ यांत जो फरक आहे तो एका प्रसंगाचा आणि एका आयुष्याचा फरक आहे. तक्ता शिकलेला विद्यार्थी ‘वुड गो’ दिसताच ‘गेला असता’ लिहितो. जी सवय वर्षानुवर्षे चालली ती एका फटक्यात न घडलेली गोष्ट होते. आजोबा नदीवर कधी गेलेच नाहीत असा त्याचा अर्थ, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

‘मे – माइट’ची ओळ थोडक्यात. ‘मे हॅव डाइड’ म्हणजे ‘मेला असेल’, आपल्याला ठाऊक नाही. ‘माइट हॅव डाइड’ म्हणजे तेही असू शकते, किंवा ‘मेला असता’, म्हणजे वाचला. इंग्रजीत हा निर्णय संदर्भावर सोडलेला असतो. मराठीत ‘असेल’ आणि ‘असता’ एका अक्षराच्या अंतरावर उभे राहून जिवंत आणि मृत यांची वाटणी करतात.

तर मग तक्ता खरा कुठे आहे? एकाच ठिकाणी : अप्रत्यक्ष कथनात. ‘मी येऊ शकतो, असे तो म्हणाला’ हे इंग्रजीत नेताना मुख्य क्रियापदाच्या मागोमाग ‘कॅन’चे ‘कुड’ होते, ‘विल’चे ‘वुड’ होते, ‘मे’चे ‘माइट’ होते. ती काळाची निव्वळ जुळवणी आहे. मराठी ती करत नाही, म्हणून ती शिकवावी लागते. तक्त्याची हद्द तेवढीच. त्या एका प्रकरणातला नियम उचलून साऱ्या भाषेवर लादणे म्हणजे पुलावर ‘सावकाश’ लिहिले आहे म्हणून सगळ्या जिल्ह्यात सावकाश चालवण्यासारखे आहे.

ऑथेल्लो आणि हॅम्लेट

साहित्याच्या अध्यापकांपैकी काही म्हणतील, हे भाषेच्या तासाचे काम. आम्ही शोकांतिका शिकवतो. त्यांना आमचे उत्तर असे की, शोकांतिका याच क्रियारूपांतून चालते.

ऑथेल्लोची गोष्ट घ्या. इयागो त्याला पुरावा देत नाही. तो त्याला एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेतो : ‘तसे असू शकते’पासून ‘तसे असेल’पर्यंत, तिथून ‘तसेच असले पाहिजे’पर्यंत, आणि शेवटी ‘तसेच आहे’पर्यंत. हातरुमालाने सिद्ध होते ते फार तर पहिल्या पायरीपुरते. उरलेल्या पायऱ्या ऑथेल्लो स्वतः चढतो. डेस्डिमोना मेल्यावर त्याच्यासमोर एकच रूप उरते, ‘करायला नको होते’, आणि या रूपाचा अर्थ कृती घडून गेली असा असतो. हॅम्लेटचे प्रकरण नेमके उलटे. भुताचे बोलणे त्याने ‘असेल’ या पायरीवरच अडवून धरले आहे. ‘असेल’चे ‘आहे’ करण्यासाठी तो नाटकात नाटक उभे करतो, राजाचा चेहरा पाहतो. आणि खात्री पटल्यावरही ‘करायला हवे’ आणि ‘केले’ यांच्यामधल्या जागेत बराच काळ राहतो. एक नायक अनुमानाला घाईने वस्तुस्थिती मानतो म्हणून बुडतो, दुसरा अनुमान तपासत बसतो म्हणून. ज्या विद्यार्थ्याला ‘मस्ट हॅव’ हे ‘मस्ट’चे भूतकाळी रूप एवढेच ठाऊक आहे, त्याला या दोन नाटकांत काय दिसणार? त्याला मत्सर आणि विलंब हे दोन शब्द दिसतात. मार्गदर्शकात तेच असतात.

आणि योगायोग पाहा. ही दोन्ही नाटके मराठीत आणणाऱ्यांत याच खोऱ्यातली दोन माणसे आहेत. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे; त्यांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे. त्यांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. त्यांतही आगरकरांनी पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. हॅम्लेटचे भाषांतर करणारा, समाजसुधारणेसाठी झगडणारा संपादक मराठी वाक्याची चिरफाड करायला बसतो, ही गोष्ट आजच्या आमच्या विभागवार अध्यापनाला लाजवणारी आहे. वाक्य कसे बांधले आहे हे पाहणे आणि माणूस काय कबूल करतो, काय टाळतो हे पाहणे, ही दोन कामे त्या पिढीला वेगळी वाटली नाहीत. पुढे आगरकरांच्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले. २००८ साली सांगलीत भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर हे इंग्रजीचे प्राध्यापक आणि मराठीचे समीक्षक होते. दोन भाषा एका टेबलावर ठेवून विचार करण्याची परंपरा आमच्या भागाला नवी नाही. ती आम्ही वेळापत्रकात दोन वेगवेगळ्या खोल्यांत बंद केली.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मराठी मध्ये आणू नये. हे ऐकायला आधुनिक वाटते. परंतु वर्गात मराठी उच्चारली नाही म्हणून ती मुलाच्या डोक्यातून जात नाही. ‘मस्ट हॅव’ वाचताना तो मनात भाषांतर करतोच. फरक इतकाच की ते भाषांतर कोणी तपासत नाही. लपलेल्या चुकीपेक्षा फळ्यावर लिहिलेली चूक बरी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांची थट्टा करणे आज सोपे आहे, पण वाक्यासमोर वाक्य ठेवण्याची जी शिस्त त्यांत होती, ती टाकून आपण काय मिळवले याचा हिशेब कोणी मांडत नाही. शिवाय, ज्या तक्त्याचा पुरस्कार होतो तो तरी शुद्ध इंग्रजी कुठे आहे? त्यातली एकही ओळ आजच्या इंग्रजी वापराला पुरती उतरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सहानुभूतीने केला जातो. आमचे विद्यार्थी खेड्यांतले, घरातले पहिले शिकणारे. त्यांना आधी सोपे द्यावे, बारकावे नंतर. या सहानुभूतीत एक अपमान दडलेला आहे. बारकावे त्यांच्याकडे आहेत. ते आमच्याकडे नाहीत. ‘जायला पायजे हुतं’ आणि ‘जावं लागलं’ यांतला भेद माण-खटावच्या मुलाला शिकवावा लागत नाही. त्या भेदाचे इंग्रजी कपडे तेवढे दाखवावे लागतात. आणि ‘नंतर’ कधी येत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलाने ही भाषा बारा वर्षे शिकलेली असते. बारा वर्षांनंतरही त्याच्या हाती चार ओळींचा तक्ताच असेल, तर ‘आधी सोपे’ या धोरणाचा निकाल लागलेला आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती बहुजनांच्या मुलांना हलक्या प्रतीचे ज्ञान पुरे, अशा समजुतीने खचितच नव्हे.

तिसरा आक्षेप आमच्याच मराठीच्या सहकाऱ्यांचा : इंग्रजीच्या व्याकरणाशी आम्हांस काय कर्तव्य? कर्तव्य असे की, तक्त्याचा उलट प्रवाह मराठीत शिरला आहे. ‘उद्या पाऊस पडू शकतो’, ‘भाव वाढू शकतात’, ‘हा कवीचा अहंकार असू शकतो’. शक्यतेचे प्रत्येक इंग्रजी रूप ‘शकतो’ने उतरवण्याची सवय वृत्तपत्रांतून समीक्षेपर्यंत पोहोचली आहे. आमचा आक्षेप शुद्धतेचा नाही. भाषा बदलते, बदलावी. आक्षेप असा की, अंगची क्षमता आणि बाहेरची शक्यता या दोन गोष्टी मराठीने वेगळ्या ठेवल्या होत्या. पैलवान कुस्ती जिंकू शकतो. पाऊस पडेल, पडायची चिन्हे आहेत, पडण्याचा संभव आहे. खात्री पटत नसेल तर भूतकाळाची कसोटी लावावी. ‘पैलवान जिंकू शकला’ हे वाक्य उभे राहते. ‘काल पाऊस पडू शकला’ हे ‘काल पाऊस पडला असेल’ या अर्थाने उभे राहते का? राहत नाही. वर्तमानात खपून गेलेले नाणे भूतकाळाच्या दुकानात खोटे निघते. समीक्षेचा परिच्छेद लिहिताना ‘असू शकते’, ‘म्हणता येऊ शकते’ अशी रांग लागली, तर लिहिणाऱ्याने एकदा तो परिच्छेद भूतकाळात नेऊन पाहावा. आपण काय म्हणत होतो, आणि काही म्हणत होतो की नाही, हे त्याचे त्यालाच कळेल.

मागणी

आमची मागणी मोठी नाही. तिला निधी लागत नाही, नवा अभ्यासक्रमही लागत नाही. तक्ता अप्रत्यक्ष कथनाच्या प्रकरणात परत पाठवावा, आणि मोडल क्रियापद भूतकाळात भेटले की विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत अशी सवय लावावी. क्रिया घडली, घडली नाही, की ठाऊक नाही? हे कोण म्हणते आहे : घटना सांगणारा, दोष देणारा, की अनुमान करणारा? आणि हे रूप खरोखर गतकाळाविषयी आहे, की केवळ अंतर राखण्यासाठी मागे सरकले आहे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी मराठीत, शक्य तर स्वतःच्या बोलीत, द्यायला सांगावीत. इंग्रजी आणि मराठी विभागांनी सत्रातून दोन तास एकत्र बसून पाच-पन्नास वाक्यांची अशी जोडपत्रे करावीत : डावीकडे ‘शुड हॅव’, उजवीकडे ‘हवे होते’, डावीकडे ‘वुड’, उजवीकडे एकाखाली एक ‘जाई’, ‘गेला असता’ आणि ‘जाईल (असे म्हणाला)’. तक्ता हवाच असेल तर तो असा असू द्या, म्हणजे निदान एका शब्दासमोर तीन शब्द आहेत हे मुलाला दिसेल.

आमचा प्रतिवाद जरूर करावा. फक्त तो तत्त्वे सांगून करू नये; वाक्ये समोर ठेवून करावा, आणि ती भूतकाळात नेऊन करावा.